गोळी आणि उशी यांच्या मधलं गाऱ्हाणं

भांडुपच्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी आहे. स्वखुशीने झाले, असं सोसायटीच्या दप्तरात लिहिलेलं आहे. ही खुशी मी कधी आणि कशी दाखवली, यातलं मला काही म्हणजे काही आठवत नाही. त्या वेळी मी डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी घेतली होती, आणि ती घेतल्यावर जे एकच काम करायचं असतं तेवढं सोडून बाकी सगळं केलं होतं.

आधी झोप का उडाली ते सांगते. घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. मी एक्कावन्न वर्षांची, ती सत्त्याहत्तर. आठ महिन्यांपूर्वी आई रात्री बाथरूमला गेली आणि लादीवर घसरली. मनगट मोडलं. मी शेजारच्या खोलीत घोरत होते. तिने किती हाका मारल्या ते ती अजूनही सांगत नाही. तेव्हापासून माझा एक कान भिंतीला चिकटला तो चिकटलाच. पलीकडे कॉट करकरली की मी उठून बसायचे. करकरली नाही, तर का करकरली नाही म्हणून उठून बसायचे. मला झोप लागली आणि ती एकटीच उठून पुन्हा पडली, तर मी स्वतःला जन्मभर माफ केलं नसतं. आणि झोप नाही लागली, तर दिवसाची वाट लागत होती.

दिवसा मी पवईच्या एका ऑफिसात लोकांच्या रजा सांभाळते. एका दुपारी पेंगत पेंगत मी निवृत्तीला टेकलेल्या एका गृहस्थांना बाळंतपणाची रजा मंजूर केली. चांगली सहा महिन्यांची. ते दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले. ऑफिस आठवडाभर हसलं, साहेब मात्र हसले नाहीत. पुढची चूक झाली तर लेखी मेमो मिळेल, असं त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून शांतपणे सांगितलं. या वयात नवी नोकरी कोण देणार होतं मला?

मग उपायांची रीघ लागली. जायफळ घातलेलं दूध झालं. काशाच्या वाटीने तळपाय घासून झाले. कुणी म्हणालं डोकं पूर्वेला कर, कुणी म्हणालं दक्षिणेला, आणि मी अंथरुणात घड्याळाच्या काट्यासारखी फिरत राहिले. आमच्या मजल्यावर एक काकू राहतात. बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांच्या उरलेल्या गोळ्या त्यांच्या फ्रीजमध्ये जमा असतात, आणि कुणाला काही झालं की त्या साखर द्यावी तशा वाटीतून पाठवतात. त्यांनी मला झोपेच्या चार गोळ्या पाठवल्या. एकीने नाही भागलं तर दुसरी घे, असा निरोपही पाठवला. रिकामी वाटी परत करायची नाही, म्हणून आईने तीत सुकट घालून पाठवली.

त्या चार गोळ्या पर्समध्ये टाकून मी आमच्या डॉक्टरबाईंकडे गेले. नेमकं हेच औषध लिहून द्या, म्हणजे काम झालं, असा माझा विचार. डॉक्टरबाई मला माझ्या कांजिण्यांपासून ओळखतात आणि अजून तशाच ओरडतात. त्यांनी त्या गोळ्या माझ्या हातातून काढून आपल्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. ज्या कुणाच्या या गोळ्या आहेत त्यांचं वय काय, वजन काय, ते आणखी कशाकशावर आहेत, तुला माहीत आहे का, असं विचारलं. मला फक्त त्या काकूंना सुकट आवडते एवढंच माहीत होतं.

मग त्यांनी माझी सगळी उलटतपासणी घेतली. चहा किती, घोरतेस का, दारू घेतेस का, दुसरी कुठली गोळी चालू आहे का. मी नाही नाही म्हणत गेले आणि शेवटी कबूल केलं, की सर्दी नसताना सर्दीची गोळी घेते, कारण तिने पेंग येते. त्यावर पुन्हा ओरडा बसला. झोपेच्या गोळीबरोबर ती घ्यायची नाही, दारूचा थेंब नाही, आणि एक घेऊन झोप आली नाही म्हणून दुसरी तर अजिबात नाही. अख्खी रात्र हातात असेल तेव्हाच घ्यायची. सकाळी डोकं जड वाटलं तर स्कूटरला हात लावायचा नाही, रिक्षाने जायचं. त्यांनी सगळ्यात कमी ताकदीच्या दहा गोळ्या लिहून दिल्या आणि शेवटी बोट रोखून म्हणाल्या, "गोळी तोंडात, डोकं उशीवर. मध्ये काही नाही. भांडी नाहीत, मोबाइल नाही, काही नाही."

मी निघता निघता विचारलं, की मी गाढ झोपले आणि आई उठली तर? बाथरूममध्ये धरायला दांडी बसव, पॅसेजचा दिवा चालू ठेव, तिच्या उशाशी घंटा दे, आणि तिलाही एकदा तिच्या सगळ्या गोळ्यांसकट इकडे घेऊन ये, असं त्यांनी सांगितलं. दांडी बसवली, दिवा ठेवला, देव्हाऱ्यातली जादा घंटा दिली. आईला नेणं मात्र राहिलं. तिला विचारलं तर ती म्हणाली, माका काय झालाहा? मीही फार जोर केला नाही.

आता मध्ये काही नाही, हे वाक्य आमच्या घरात पाळणं किती अवघड आहे ते सांगायला हवं. आम्ही मालवणकडचे. आमच्या घरात कुठलीही नवीन गोष्ट गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. वडील होते तेव्हा ते घालायचे. हात जोडून देवाला सगळी हकीकत मालवणीत सांगायची, राखण करायला सांगायची, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. वडिलांनी कुकरला गाऱ्हाणं घातलं होतं, वॉशिंग मशीनला घातलं होतं, माझ्या दहावीच्या पेनालाही घातलं होतं. ते गेल्यावर हे खातं आईने आपल्याकडे घेतलं. तिचं गाऱ्हाणं वडिलांच्या दुप्पट लांब असतं, कारण वडील देवाला मुद्द्याचं सांगायचे आणि आई सगळं पहिल्यापासून सांगते.

मी म्हटलं, गोळी घ्यायच्या आधी घाल. तिला ते पटेना. वडिलांनी मिक्सर चालू करून मग गाऱ्हाणं घातलं होतं, बंद मिक्सरला नाही. गोळी हातात आहे तोवर तिचा काय भरवसा, ती पोटात गेली की मग देवाला सांगायला अर्थ, असं तिचं म्हणणं. वाद घालण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती. दहा वाजता मी गोळी गिळली आणि देव्हाऱ्यासमोर हात जोडून उभी राहिले. जोडलेल्या हातांत मोबाइल होता, तो ठेवायचा राहून गेला.

"बा देवा म्हाराजा," आईने सुरुवात केली, "आज ह्या तुझ्या लेकरान झोपेची गोळी घेतल्यान हा."

मी म्हटलं, व्हय म्हाराजा. मग गावचा देव आला, त्याच्या शिवेवरचे देव आले, मूळपुरुष आला. बाळंतपणाच्या रजेचा किस्सा आला, आणि तो सांगताना आई मध्येच हसली, तेही मला आठवतं. देवाने मला सुखाची झोप द्यावी इथपर्यंत आम्ही येत होतो, असं वाटतं. त्यापुढचं काही आठवत नाही.

सकाळी सात वाजता जाग आली. आठ महिन्यांत पहिल्यांदा सलग झोपले होते. पहिली धाव आईच्या खोलीकडे. ती कॉटवर बसून वेणी घालत होती, सगळी शाबूत. मला इतकं बरं वाटलं की मी चहा करायला गुणगुणत गेले. मग मोबाइल पाहिला.

सोसायटीच्या ग्रुपवर मी रात्री दहा वीसपासून बोलत होते. टाकी कधी साफ होणार, असं कुणीतरी विचारलं होतं. खाली माझं उत्तर, व्हय म्हाराजा. बी विंगच्या जिन्यात मांजर कुणाची, असं कुणीतरी विचारलं होतं. व्हय म्हाराजा. चौथ्या मजल्यावरून कचरा खाली कोण टाकतं, त्याने हिंमत असेल तर पुढे यावं, असं एकाने चिडून लिहिलं होतं. त्यालाही मी व्हय म्हाराजा म्हणून पुढे आले होते.

आणि मग आमच्या सेक्रेटरींचा मेसेज होता. हे गृहस्थ दोन वर्षं रोज रात्री एकच मेसेज टाकत असत, की प्रकृतीच्या कारणास्तव मी पद सोडू इच्छितो, कुणी तयार आहे का. त्याला आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं, नुसता अंगठासुद्धा नाही. मी दिलं होतं. त्यांनी बहुधा डोळे चोळून पुन्हा विचारलं असावं, ताई, नक्की ना? व्हय म्हाराजा. मग पूर्ण बिल्डिंग जागी झाली. टाळ्या, हारतुरे, ढोलताशे, सगळी चित्रं ओळीने आली होती. एकाने तर ही अशी नम्र भाषा आजकाल ऐकायला मिळत नाही, असं लिहिलं होतं.

मी धावत खाली गेले. नोटीस बोर्डावर माझं नाव लागलं होतं, आणि मावळते सेक्रेटरी दारात उभे राहून दाढी केलेल्या प्रसन्न चेहऱ्याने चहा पीत होते. मी त्यांना गोळीचं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, मी पण शुद्धीत असताना हो म्हटलं नव्हतं." एवढं बोलून त्यांनी टाकीच्या चाव्या माझ्या हातात दिल्या. त्या दिवशी मी शहाण्यासारखी रिक्षाने ऑफिसला गेले, आणि रस्ताभर लोकांचे लिफ्टबद्दलचे फोन घेतले.

चार-पाच दिवसांनी डॉक्टरबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या टेबलावर डोकं ठेवून हसल्या. मग चष्मा पुसून म्हणाल्या की हसण्यावारी नेऊ नकोस. गोळी घेऊन जागं राहिलं की माणूस चालतं, बोलतं, गॅससुद्धा पेटवतं आणि त्याला पत्ता नसतो. तू सेक्रेटरी होण्यावर सुटलीस. गाऱ्हाणं बंद करा असं त्या म्हणाल्या नाहीत, आधी गाऱ्हाणं आणि मग गोळी, एवढंच म्हणाल्या. आणि आईला घेऊन ये म्हणून सांगितलं होतं, ती कुठे आहे?

शनिवारी आईला नेलं. तिच्या गोळ्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होत्या. डॉक्टरबाईंनी एकेक पाकीट उचलून, ही केव्हा, ही केव्हा, असं विचारायला सुरुवात केली. ब्लडप्रेशरची, अंगातलं पाणी काढून टाकणारी एक छोटी पांढरी गोळी होती, ती आई रात्री जेवल्यावर घेत होती. डॉक्टरबाईंनी ते पाकीट बाजूला ठेवलं. ही सकाळची आहे, त्यांनी सांगितलं, रात्री घेतली तर रात्रभर लघवीला उठावं लागणार. कुणी बदलायला सांगितली?

कुणीच सांगितली नव्हती. आईने आपली आपण बदलली होती, पडण्याच्या महिनाभर आधी. सकाळी ती मैत्रिणींबरोबर बागेत जाते. तिथल्या संडासाला कायम कुलूप असतं. सकाळी गोळी घेतली की अर्ध्यातून घरी पळायला लागायचं. "मगे ती तासभर बसतत आणि मी एकटीच घराक," ती म्हणाली. पडल्यावर तिच्या लक्षात आलं होतं की हे त्या गोळीमुळेच. पण सांगितलं असतं तर मी बाग बंद केली असती. केली असती, हे खरं आहे.

डॉक्टरबाई म्हणाल्या, बागेतून घरी आल्यावर दहा वाजता घ्या. एवढंच. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, की रात्री किती वेळा उठता? आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "उठनंय नाय. ही पलीकडे जागी असता ता माका ठावक आसा. मी हललंय तर ही धावत येतली. म्हणान धरून तशीच पडान रवतंय, पाच वाजेपर्यंत."

मी तिथेच रडायला लागले. एवढी मोठी सोसायटीची सेक्रेटरी, पण कंपाउंडरने पाणी आणून दिलं तरी रडू थांबेना. आठ महिने भिंतीच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघी टक्क जाग्या होतो, आणि दोघीही दुसरीची झोप मोडू नये म्हणून श्वास रोखून पडलो होतो. मला तिची दया आली आणि तिचा रागही आला.

डॉक्टरबाईंनी माझ्या उरलेल्या गोळ्या गरज वाटली तरच घ्यायला सांगितल्या, नाहीतर परत आणून द्यायला, आणि मजल्यावरच्या काकूंना द्यायच्या नाहीत हेही बजावलं. आम्ही रिक्षात बसलो. मुलुंडकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती आणि रिक्षा हलत नव्हती. मी आईला विचारलं, "तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस खंय?"

मी आठवून पाहिलं. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, दाराला कडी लावलीस का, हे मी रोज विचारत होते. तुला झोप लागते का, हे आठ महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. मग तिथेच, रिक्षात, विचारलं. सोसायटीच्या गेटपर्यंत ती बोलतच होती.