उन्हातून आलेलं दूध

मुलांनो, तुमच्यातली थोरली आता आई होणार आहे. परवा तिने फोनवर विचारलं, काकूने बाळाला किती महिने पाजलं? तुमची काकू, माझी धाकटी सून, माझ्या शेजारीच भाजी निवडत होती, म्हणून मी विषय बदलला. उत्तर इथे लिहिते.

तीन वर्षांपूर्वी बाळंतपणाची रजा संपली आणि काकू तारापूरच्या कारखान्यात परत जाऊ लागली. चैत्राचं ऊन होतं. संध्याकाळी ती वाणगावला घरी पोचायची तेव्हा पदर दुधाने ओला झालेला असायचा. तिचा आवाज ऐकूनच बाळ हातपाय नाचवायचं. पण माझ्या थोरल्या जाऊबाई, तुमची मोठी आजी, तिला आधी मोरीकडे पाठवायच्या.

"पिळून टाक ते. दिवसभर तापलेलं, शिळं दूध पोराला देशील?"

"मोठ्या आई, डहाणूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगातलं दूध शिळं होत नाही."

"मग डॉक्टरीणबाईंनाच पाज."

सगळे हसले. काकूही हसली आणि मोरीत गेली.

नंतर बाळाला घेतलं की ते ओढायचं, सोडायचं, रडायचं. "पुरत नाही गं तुझं," म्हणत जाऊबाई गाईचं दूध कोमट करायला उठायच्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांचं पहिलं मूल उन्हाळ्यात जुलाबाने गेलं होतं. शेतातून येऊन तसंच पाजलं, म्हणून लोकांनी त्यांच्या दुधाला दोष दिला होता. तो त्यांनी खरा मानला होता.

मी काकूला समजावलं, जाऊबाईंशी वाद घातला. पण माझं बोलणं पुस्तकातलं वाटायचं, आणि बाळ तर समोर रडत असायचं. हळूहळू काकू सुट्टीच्या दिवशीही आधी मोरीत जाऊ लागली. कुणी सांगायची गरज उरली नव्हती. पाऊस सुरू व्हायच्या आत एकदा ती बाळाला माझ्या मांडीवर देऊन म्हणाली, "आई, आता येतच नाही." त्यानंतर तिने त्याला छातीशी घेतलं नाही. झोपवायलाही माझ्याकडेच द्यायची.

जाऊबाई गेल्या वर्षी गेल्या. मुलगा धडधाकट आहे, बालवाडीत जातो. शेजारणी बाळंतपणाच्या गोष्टी काढतात तेव्हा काकू अजूनही म्हणते, "मला दूधच नव्हतं."