भीमसेनरावांच्या भीतीचं माप

आईवडिलांनी नाव भीमसेन ठेवलं, पण गुडघ्यांना ते कुणी कळवलं नसावं. साठी गाठायच्या आतच दोन्ही कुरकुरायला लागले आणि त्रेसष्टाव्या वर्षी उजव्याने संपच पुकारला.

मद्रासमधल्या अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत भीमसेनराव छत्तीस वर्षं एकाच कारखान्यात इन्स्पेक्टर होते. पोलिसातले नव्हे, मालाचे. ट्रकला लागणारे शाफ्ट लेथवर कातून यायचे आणि भीमसेनराव ते मोजायचे. केसाइतका फरक निघाला तरी शाफ्टवर लाल रंगाचा फराटा, आणि त्या फराट्यावर मालकाकडेही दाद मागता येत नसे. लेथ चालवणारे टर्नर लोक त्यांच्या पाठीमागे काय बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण ओरगडमच्या ट्रक कारखान्याकडून त्यांनी पास केलेला एकही शाफ्ट परत आला नाही, हेही तेच टर्नर छाती फुगवून सांगायचे.

मोजायच्या खोलीत त्यांचे दोन नियम होते. मोजण्याआधी मायक्रोमीटर पुसून, मिटवून, तो बरोबर शून्य दाखवतो का ते बघायचं. आणि ज्याने शाफ्ट कातला तो माणूस मोजताना खोलीत नको. त्याचं आशाळभूत तोंड दिसलं की मोजणाऱ्याचा हात सैल पडतो, असं त्यांचं म्हणणं. याच नियमापायी त्यांनी एकदा मालकाच्या मेहुण्यालाही दाराबाहेर उभं केलं होतं.

असा हा मनुष्य घरी मात्र निमूट. घराणं तंजावरच्या मराठ्यांचं, आजोबांच्या वेळेपासून मद्रासेत स्थिरावलेलं. घरात आपली जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि दोन्हीकडे शेवटचा शब्द अन्नपूर्णाबाईंचा. शुभकार्याला किंवा लांबच्या वाटेला निघताना तोंडातून वावगा शब्द काढायचा नाही, ही त्या घरची जुनी रीत. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली तशी अन्नपूर्णाबाईंनी ती रीत ऑपरेशनलाही लावली. पंधरा दिवस घरात कुणी ‘भीती’ म्हणायचं नाही, ‘दुखणं’ म्हणायचं नाही. भीमसेनरावांनी मान डोलावली, आणि त्यातल्या शेवटच्या अकरा रात्री छताच्या पंख्याकडे बघत काढल्या.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी हॉस्पिटलात त्यांच्या खाटेपाशी दिव्यश्री नावाची, तिथेच नोकरीला असलेली मुलगी आली. हातात एक छापील कागद आणि मनगटाला बांधायचा एक पट्टा. नवराबायकोचं बोलणं कानावर पडताच ती खुलली, कारण तीही त्यांच्यातलीच निघाली, कुंभकोणमची. तमिळ आणि मराठीची मिसळ करत तिने काम समजावलं. ऑपरेशनआधी माणसाच्या मनावर किती ताण आहे यावरून नंतर त्याला किती दुखेल याचा अंदाज बांधता येतो का, हे भूल देणारे डॉक्टर चंद्रमौळी तपासत होते. कागदावर प्रश्न होते, प्रत्येकाला शून्य ते दहामधला आकडा द्यायचा. पट्टा नाडी आणि मनगटावरचा घाम टिपणार होता. ज्याचा कागदावरचा आकडा मोठा, त्याची वेगळी तयारी व्हायची. डॉक्टर स्वतः येऊन बोलणार, आणि मांडीतल्या नसेपाशी बारीक नळी ठेवून दोन दिवस बधिरतेचं औषध देणार.

भीमसेनराव ताडकन उठून बसले. भीती मोजता येते? आयुष्यभर पोलाद मोजलं आणि हे कुणी सांगितलं नाही! पट्टा कितीपर्यंत बारीक मोजतो, रोज तपासून घेता का, दोन माणसांनी मोजलं तर आकडा एकच येतो का, अशी त्यांनी सरबत्ती लावली. नोकरीला लागल्यापासून एकाही पेशंटने दिव्यश्रीला असलं काही विचारलं नव्हतं. तिला त्यातल्या निम्म्याची उत्तरं येत होती, उरलेली तिने विचारून सांगते म्हटलं.

मग कागद पुढे आला. रात्री झोप उडते का? दुखण्याचे विचार मनात येतात का? ऑपरेशनची धास्ती वाटते का? अन्नपूर्णाबाई चष्मा चढवून नवऱ्याच्या खांद्यावरून एकेक प्रश्न वाचत होत्या आणि असले अभद्र प्रश्न छापणाऱ्याचा मनातल्या मनात उद्धार करत होत्या. भीमसेनरावांनी पेन उचललं आणि शून्य, शून्य, शून्य, अशी खाली रांग लावली. झोपेपुढेही शून्यच.

दिव्यश्रीने कागद घेतला, हातातल्या टॅबवर पट्ट्याचे आकडे बघितले, पट्ट्यावर दोनदा टिचकी मारली आणि तो सोडायला लागली. काय झालं म्हणून भीमसेनरावांनी विचारलं. तिने टॅब त्यांच्याकडे वळवला. नाडी एकशे आठ, मनगटाला घाम.

“मामा, तुम्ही झिरो म्हणून लिविलांत. हे तसं सांगत नाही. पट्टा बिघडला असेल, दुसरा आणते.”

एका शाफ्टवर दोन गेज आणि दोन निराळी मापं! असं झालं की भीमसेनराव जेवणाच्या सुट्टीलाही उठत नसत. त्यांनी पट्ट्यावर हात ठेवून तिला थांबवलं. दुसऱ्या पेशंटांचे कागद कुठे, कसे भरून घेता, तेव्हा कोण कोण असतं, असं विचारत सुटले. दिव्यश्री म्हणाली, इथेच खाटेवर. बायको असते, मुलगा असतो, कधी सासूही असते. आणि हो, या महिन्यात शून्यं फारच आलीत. त्यांतल्या दोघांना नंतर इतकं दुखलं की डॉक्टरसुद्धा कोड्यात पडलेत.

भीमसेनरावांना घाम फुटला, पण हा घाम निराळा होता. चोर सापडला होता आणि तो त्यांच्याच घरचा होता. छत्तीस वर्षं ज्या नियमासाठी त्यांनी लोकांशी वैर घेतलं, तो स्वतःला मोजायची वेळ आली तेव्हा त्यांच्या ध्यानातही राहिला नव्हता. जिच्या भरवशावर ते उभे होते तिच्या तोंडाकडे बघून त्यांनी आकडे लिहिले होते. आपल्या या गाढवपणाचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मांडीवर थाप मारली, आणि ती नेमकी उजवी निघाली.

कळ जिरल्यावर त्यांनी अन्नपूर्णाबाईंना कॅंटीनमधून कॉफी आणायला सांगितलं. फ्लास्कमध्ये आहे, असं उत्तर आलं. ती निवली, ते म्हणाले. बाईंनी नवऱ्याकडे, मग त्या मुलीकडे एकदा बघितलं आणि फ्लास्क उचलून निघून गेल्या.

“पट्टा चांगला आहे, पोरी. कागद खोटा आहे,” भीमसेनराव म्हणाले. “पडदा ओढ आणि कोरा कागद दे.”

या वेळी झोपेपुढे दहा पडले. धास्तीपुढे आठ. कशाची धास्ती, असं शेवटी एक रिकामी ओळ ठेवून विचारलं होतं. तिथे पेन थांबलं. लिहिणं जमेना तेव्हा ते बोलले. त्यांच्या वडिलांचं, विजयेंद्ररावांचं, पोटाचं ऑपरेशन झालं होतं. मनुष्य देवासारखा, पण दुखण्याने पिसाळला. सेवा करणाऱ्या सुनेला, म्हणजे अन्नपूर्णाबाईंना, त्यांनी दोन महिने नाही नाही ते बोलून घेतलं. रक्त तेच आहे. कापण्याला मी भीत नाही, मरणाला इल्लेसं, अगदी थोडं, भितो. पण दुखलं आणि माझ्या तोंडून तिला तसलं काही गेलं तर, ही मला भीती आहे. दिव्यश्रीने ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलं.

संध्याकाळी चंद्रमौळी आले आणि खरोखरच तासभर बसले. नळी ठेवायचं ठरलं. तोवर दिव्यश्रीने वॉर्डातल्या आणखी चार शून्यांच्या नातलगांना पाळीपाळीने कॉफीला पिटाळलं होतं. एकाचे सहा निघाले, दोघांचे नऊ. चौथा एकटा असतानाही शून्यच म्हणाला आणि पट्टाही त्याच्या बाजूने होता. असाही माणूस असतो. भीमसेनराव हॉस्पिटलचा झगा सावरत, काठी टेकत नर्सच्या टेबलापाशी तीनदा बातमी विचारायला जाऊन आले. तिसऱ्या वेळी सिस्टरने त्यांना दटावून परत धाडलं. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायाम घेणाऱ्या मुलाने त्यांना उभं केलं तेव्हा दुखलं, चांगलंच दुखलं. दिव्यश्रीने आकडा विचारला, त्यांनी पाच सांगितला. शिवी आली नाही, आरडाओरडा नाही. चंद्रमौळींनी हसून बजावलं की हा गुण नळीचा, औषधाचा की मन मोकळं केल्याचा, ते एका माणसावरून ठरत नाही. शेकडो बघावे लागतील. भीमसेनरावांनी ते एकदम मान्य केलं. एक शाफ्ट चांगला निघाला म्हणून गाडीभर माल पास करणारा मनुष्य त्यांनी कधी जवळ उभा केला नव्हता. पण यापुढे कागद पडद्याआड, एकट्यानेच भरायचा असं डॉक्टरांनी ठरवलंय हे ऐकून त्यांचा चेहरा असा फुलला की ऑपरेशन कुणाचं झालंय ते कळू नये.

सगळे गेल्यावर अन्नपूर्णाबाईंनी खुर्ची खाटेजवळ ओढली. मला कॉफीला पाठवून त्या मुलीला काय सांगटलं, असं त्यांनी विचारलं. भीमसेनरावांनी आधी टाळलं, मग सांगून टाकलं. मी तुला तसं बोलेन याची भीती होती, ते म्हणाले.

अन्नपूर्णाबाईंनी चादरीची सुरकुती सारखी केली.

“मामंजी वरडायचे, खरं आहे,” त्या म्हणाल्या. “पण ते वरडले की मला कळायचं, कुठं दुखतं म्हणून. तुमचं अडतीस वर्षांत एकदा कळलं नाही.”

बाईंनी हात पुढे केला आणि बँडेजच्या वर, मांडीवर हलकेच ठेवला. इथं का, त्यांनी विचारलं.

“इल्लेसं खाली,” भीमसेनराव म्हणाले. “मागच्या बाजूला. फार दुखतं गं.”