गाडी आईसाठी घेतली

माझ्या नवऱ्याला कुठलंही वाहन दाखवा, तो पहिला प्रश्न ॲव्हरेजचा विचारतो. लग्नाच्या वरातीतल्या घोड्याबद्दलही विचारला असता, पण तेव्हा तोंडावर मुंडावळ्या होत्या. सासरे त्याच पठडीतले. जन्मभर उतारावर स्कूटर बंद करून चालवली, आणि त्या वाचलेल्या पेट्रोलचं पुढे काय केलं ते त्यांनाही सांगता येत नाही. अशा दोन पुरुषांच्या घरात मोठी गाडी घ्यायची म्हणजे काय तमाशा होतो, तो मी अख्खा एक हिवाळा पाहिला.

गाडी लागत होती ती माझ्या आईमुळे. बाबा गेले आणि आई सांगलीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहिली. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. मी विमा कंपनीत अधिकारी, बदलीवर जयपूरला. दिवाळीत जाऊन तिला खातीपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. "उन्हाळ्यापर्यंत राहून बघते, मग ठरवते," एवढंच ती म्हणाली. मला ती कायमची हवी होती. पण सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुली, म्हणजे आधीच सहा डोकी पाच सीटांच्या गाडीत कोंबलेली. दर रविवारी आई म्हणायची, तुम्ही जाऊन या, मी बसते घरी. एकदा बाहेरून जेवून आलो तर ती तशीच गॅलरीत बसलेली, घरातला दिवासुद्धा लावला नव्हता. त्याच आठवड्यात मी जाहीर केलं की सात सीटांची गाडी घ्यायची, आणि ती माझ्या नावावर.

नवऱ्याने लगेच 'अभ्यास' सुरू केला. अभ्यास म्हणजे जेवताना मोबाइल वरणाच्या वाटीला टेकवून, कुणीतरी गाडीभोवती फिरत बडबडतोय ते बघायचं. मग त्याला ऑफिसातल्या कुणी सांगितलं म्हणून तो मला विश्वकर्मा इंडस्ट्रियल एरियातल्या एका शेडमध्ये घेऊन गेला. तिथला भैया पेट्रोलच्या नळीवर लोहचुंबकाचे दोन तुकडे अडकवायचा. त्याने म्हणे पेट्रोल पुरेपूर जळतं. मी विचारलं, एवढं सोपं असेल तर गाड्यांचे कारखानेच हे तुकडे का बसवत नाहीत? तर तो म्हणाला, मॅडम, ते कशाला तुमचा फायदा बघतील? यावर माझ्या इंजिनिअर नवऱ्याने मान डोलावली. इंजिनिअर बरं का! मी रिक्षा करून घरी आले.

शोरूममधला सेल्समन आणखी एक नग. गाडी मी घेणार, सह्या मी करणार, आणि हा बोलणार नवऱ्याशी. मला काय दाखवलं, तर सीटपुढचा आरसा आणि पाण्याची बाटली ठेवायची जागा. 'सरजी, इंजन खुद सोचता है,' असं तो तीनदा म्हणाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, थांबा, आता मीच वाचते. आठवडाभर वाचलं आणि पुढच्या खेपेला त्यालाच ऐकवलं, की ही गाडी काही बॅटरीवर चालत नाही. सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद पडतं, ब्रेकवरचा पाय काढला की सुरू होतं, आणि निघताना छोटी बॅटरी त्याला जरा हात देते. एवढ्याशा गोष्टीला उगाच हायब्रिड हायब्रिड म्हणून मिरवू नका. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. बरोबर आलेले सासरेसुद्धा म्हणाले, सूनबाईला बरंच कळतं. मला किती गोड वाटलं ते, सांगायला लाज वाटते.

टेस्ट ड्राइव्हला आम्ही तिघं आणि तो सेल्समन. नवरा चालवत होता, सासरे त्याच्या शेजारी, मी मधल्या सीटवर. तिसरी रांग आडवी पाडून ठेवली होती. ती उभी करून दाखवा, असं कुणीही म्हटलं नाही.

गाडी घरी आली चैत्रात. खाली पार्किंगमध्ये पूजा केली, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि औक्षणाचं तबक मी आईच्या हातात दिलं. सोसायटीतल्या एक मराठी बाई लगेच कुजबुजल्या, सासूबाई असताना यांच्या हातून कसं, यांचे तर यजमान नाहीत. अशा बायकांची मला किळस येते. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "गाडी आईसाठी घेतली आहे, तीच ओवाळणार." आईने ओवाळलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मग आम्ही पहिली चक्कर मारायला निघालो. तबकातलं निरांजन वाऱ्याने विझेल म्हणून मी आईला म्हटलं, तू हे घेऊन वर जा, आम्ही आलोच.

पुढच्या रविवारी मात्र सगळे निघालो, राजा पार्क भागातल्या एका हॉटेलात जेवायला. भर दुपारची वेळ. पुढे नवरा आणि सासरे. मधे सासूबाई, मोठी मुलगी, कारण तिला मागे बसलं की मळमळतं, आणि मी. मागे आई आणि धाकटी. सासरच्या माणसांना मागे बसवायचं नसतं, आणि आई काय, आपलीच. आमच्याकडे असंच चालतं, ही रीत काही मी पाडलेली नाही. पण धाकटीशेजारी मीही बसू शकले असते. मला पुढचा स्क्रीन बघायचा होता.

मागच्या रांगेत जायचं तर मधली सीट दुमडून, वाकून, एक पाय आत टाकून अंग ओढावं लागतं. आईला तीनदा प्रयत्न करावा लागला. बसली तेव्हा गुडघे छातीशी आलेले. पहिल्याच सिग्नलला इंजिन बंद पडलं आणि त्याबरोबर एसीचा नुसता पंखा उरला. नवरा खुशीत म्हणाला, बघा, आता शून्य पेट्रोल. सासरे स्क्रीनवरचं हिरवं चिन्ह बघत राहिले. हे इंजिन बंद पडणं नको असेल तर एक बटण दाबायचं असतं. घरात ते फक्त मला ठाऊक होतं. धाकटी मागून म्हणाली, मम्मा, आजीला खूप घाम येतोय. मी म्हटलं, अगं, दोन मिनिटांचा तर सिग्नल आहे.

राजा पार्कात पार्किंग मिळालं भिंतीला चिकटून. सगळे उतरून हॉटेलच्या दारात पोचले तरी आई आतच. गुडघे धरलेले, उलगडेनात. शेवटी ती पाठमोरी होऊन, गाडीच्या तळावर हात टेकून, रांगत बाहेर आली. साडीचा बोंगा वर गेलेला. तिथला पार्किंगवाला धावत आला, त्याने तिला दंडाला धरून उभं केलं आणि मला म्हणाला, "माताजी को आगे बिठाया करो, मैडम."

मी त्याला झापलं. तुम्ही तुमचं काम करा, म्हटलं. आई पदर सारखा करत होती. जेवताना तिने सगळ्यांशी नीट गप्पा मारल्या, कुल्फीही खाल्ली. परतताना मी तिला पुढे बस म्हणून पुष्कळ सांगितलं, सासरेही दार उघडून उभे राहिले. ती म्हणाली, तुम्हाला कुणाला उठवायचं नाही मला. आणि पुन्हा मागे गेली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर ती चहा करून वाट बघत होती.

"गाडी छान आहे तुझी," ती म्हणाली. "माझं सांगलीचं तिकीट काढ. उन्हाळा लागलाच आता."

मी पुष्कळ बोलले. सीटांची अदलाबदल करू, गाडी विकून दुसरी घेऊ, काय वाट्टेल ते. ती चहा गाळत राहिली. तिच्या तोंडावर राग नव्हता. तो असता तर मला भांडता आलं असतं.

शेवटी मोबाइल घेतला आणि रेल्वेचं तिकीट काढायला बसले. तिचं नाव लिहिलं, वय लिहिलं. त्याखाली विचारलं होतं, बर्थ कुठला हवा.

गाडी घेताना अख्ख्या हिवाळ्यात मी तिला हे विचारलं नव्हतं. मी खालचा बर्थ निवडला.