चांदीचा वाटा

न्यूझीलंडहून भाच्याने फोनवर दोन गोल चित्रं पाठवली. हवा तापवणाऱ्या वायूंमध्ये शेतीचा वाटा किती ते दाखवणारी, एक त्यांच्या देशाचं, एक आपल्या. त्यांचा हिरवा तुकडा मोठा, आपला बराच लहान.

"मावशी, इथे गाईच गाई. त्या ढेकर देतात ना, त्याचाच वायू," तो म्हणाला.

"आपल्याही देतात," मी म्हटलं.

आमच्या चांदीचा ढेकर मला चुलीपाशी ऐकू यायचा. ती मेली त्याला चार दिवस झाले, हे सांगायचं राहूनच गेलं. रडूही येत नाही. आपला तुकडा आता कणभर आणखी लहान झाला असेल.

फोन ठेवून भाकऱ्या थापल्या. पहिली, गाईची म्हणून, टोपलीत वेगळी काढली. तिथे कालची होती, परवाचीही.