यशोधनचं पहिलं मत

जगन्नाथ ठोसर मूळचा अमरावतीचा. १९८५ साली तो मॅसेच्युसेट्सच्या एका कॉलेजात एम.एस. करत होता. काळ्यांना मताचा हक्क नाकारणाऱ्या दक्षिण आफ्रिकेतल्या कंपन्यांमधून कॉलेजचा पैसा काढा, म्हणून पोरांनी हिरवळीवर फळ्यांची झोपडी ठोकली. खिळे मारायला हा पुढे. पोलिसांनी उचललं, व्हिसा जाता जाता वाचला. "मान्साले त्याच्याच देशात मत नाही म्हंजे काय?" एवढंच त्याचं म्हणणं.

पुढे तो अमेरिकेचा नागरिक झाला. १९९६ला श्रूजबरीशेजारच्या गावात टाउन मीटिंगवर, म्हणजे गावच्या सभेवर, निवडून आला. मग दर तीन वर्षांनी येतच राहिला.

२००५च्या शरदात स्वस्त भाड्याच्या घरांचा ठराव आला. आवाजी मतदानात काही कळेना, तेव्हा ठरावाच्या बाजूनं असलेल्यांना उभं राहायला सांगितलं. जगन्नाथ उभा राहिला. गॅलरीत मराठी मंडळी होती, घरांच्या किमती पडतील म्हणून सगळी विरोधात.

दिवाळीच्या कार्यक्रमात पुण्याच्या यशोधननं त्याला गाठलं. "काका, धिस इज टू मच! पुढच्या इलेक्शनला आमच्यातलं एक मत तुम्हाला मिळणार नाही."

"तुह्यापाशी मत हाये का बे?"

यशोधनकडे नुसतं ग्रीन कार्ड होतं, मत कुठलं? आजूबाजूला तावातावानं माना हलवणाऱ्यांचीही तीच गत. इतकी वर्षं ही माणसं जगन्नाथला "आमचा माणूस" म्हणत होती, मत कुणीच दिलं नव्हतं.

"कार्डाला पाच वर्षं झाली की ये घरी. नागरिकत्वाचा फार्म मी भरून देतो."

यशोधन खरंच आला. मागोमाग बाकीचे. रविवारी सकाळी डायनिंग टेबलावर फॉर्म पसरायचे. 'कधी अटक झाली आहे का?' या रकान्यापाशी जगन्नाथ दर वेळी म्हणायचा, "असंल तर लिवजो. म्या बी लिवलं होतं." बायको मीनाक्षी चहा ठेवताना पुटपुटायची, "खणा, स्वतःचाच खड्डा खणा."

२००८च्या मेमध्ये मतदान. शाळेच्या जिमबाहेर, नियमाच्या अंतरावर, जगन्नाथ आपली पाटी धरून उभा. यशोधन आला, इस्त्रीचा शर्ट घालून.

"काका, स्पष्ट सांगतो. मी समोरच्याला देणार आहे."

"दे ना. आत गेल्यावर आधी पत्ता सांग, मंग नाव. घाई करू नको."

जगन्नाथ नऊ मतांनी पडला.

"बारा वर्षांची खुर्ची गेली," मीनाक्षी म्हणाली. "अन् पाडणाऱ्यांचे फॉर्म तुमच्याच अक्षरात."

"हौ," त्यानं टेबल पुसलं. "रविवारी त्यांच्यातलीच दीपा येते. तिचा फार्म राह्यला."