ब्रेक माझ्या पायाखाली होता

आमच्याकडं लेकरं गाडी शिकतात ती पेट्रोलच्या टाकीवर बसून. मोठं माणूस मागं, लेकरू पुढं, हँडलवर चार हात. माझ्या अण्णाची लेक तीन वर्षांची असल्यापासून माझ्यापुढं अशीच बसायची. खटकचिंचोळीहून भालकीच्या बाजाराला जाताना मी रेस तिच्या हातात द्यायची. वाटेतल्या बाया हसायच्या, "बघ गं, आत्या-भाची दोघीबी गाडी चालवायल्यात!" मला अभिमान वाटायचा. पोरींच्या हाती हँडल द्या, असं पत्रक मीच छापून वाटलं होतं.

ब्रेक माझ्या पायाखाली होता. तो तिला दाखवावा, हे मला कधी सुचलंच नाही.

बाराव्या वर्षी तिचे पाय जमिनीला टेकायला लागले. शेतावर भाकरी न्यायला तिनं गाडी मागितली. अण्णा नको म्हणाला.

"कामून नको? पोरगा असता तर आतापर्यंत दहादा धाडला असतास."

"पोरगा असता तरी बाराचाच असता की."

मी नुसता आवाज चढवला. किल्ली मीच दिली.

ओढ्याच्या उतारावर समोरून म्हशी आल्या. ती घाबरली आणि सायकल थांबवतात तसे दोन्ही पाय खाली सोडले. हात मात्र रेसवरच आवळलेला. "पाय घासत घासत गेली बघा, ब्रेक दाबलाच न्हाई," म्हशीवाल्यानं सांगितलं. गाडी उजव्या पायावर पडली. घोट्याचा चुरा झाला.

दवाखान्यात तिनं विचारलं, "आत्या, ब्रेक कंच्या पायाला असतो गं?" तक्रार नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं.

"उजव्या," मी म्हणाले. ती प्लास्टरकडं बघत राहिली.

गावानं निकाल दिला : पोरीच्या हाती गाडी दिली की असंच व्हतंय. चूक तिची नव्हे, शिकवणारीची, असं मी दारोदार सांगितलं. कुणी ऐकलं नाही. दहा-बारा वर्षांची पोरं आजही त्याच उतारावरून तिघं तिघं बसून जातात. मी दुसरं पत्रक काढलं : अठरा पुरी होईपर्यंत रस्त्यावर गाडी नको. शिकवायचं तर मैदानात, इंजिन बंद ठेवून, आधी ब्रेक. लोकांनी ते घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि लेकराला टाकीवर बसवून निघून गेले.

अठरा पुरी झाल्यावर, या उन्हाळ्यात, मी तिला शाळेच्या मैदानात नेलं. इंजिन बंद. "दाब," म्हणाले. तिचा घोटा आता वाकत नाही. तिनं अख्खा पाय उचलून टाच ठेवली, ती घसरली. दुसऱ्यांदा गुडघ्यावर हातानं जोर दिला. ब्रेक जेमतेम हलला.

"दोन्ही ब्रेक हातात असलेली स्कूटी मिळते," मी म्हणाले.

"राहू दे गं, आत्या."

उतरताना तिनं माझ्या खांद्यावर भार टाकला.