दसऱ्याची फ्लॉपी

हे मी बायकोजवळही बोललेलो नाही. आणि तिच्याजवळ मी न बोललेलं फार थोडं आहे, तिला विचारा, ती कंटाळली आहे. घरात किस्से सांगणारा मीच. हा एवढा घशाखालून वर आला नाही.

ऐंशीच्या दशकात, नागपुरात कॉम्प्युटर म्हणजे काय हे समजावण्यातच अर्धा दिवस जायचा, तेव्हा मी नोकरी सोडून स्वतंत्र प्रोग्रामर झालो. पहिलं गिऱ्हाईक नागपूरला लागून असलेल्या वाडीचा एक ट्रान्सपोर्टवाला शेठ. गोदामात कोणाचा माल कुठल्या खणात आहे, ते मशीननं सांगायचं; माहिती सारी एका फ्लॉपीवर. तोवर माल कुठे ते गोदामाचे कारकून गजभियेबाबू सांगत — वीस वर्षं तिथेच, एका रजिस्टरच्या भरवशावर. ते रजिस्टर मी बंद करवलं. दोन-दोनदा लिहायचं तर मशीन कशाला — असं मीच म्हणालो ना?

करारात धोक्याचं कलमही मीच घातलं, मोठ्या ऐटीत: त्याच माहितीची दुसरी फ्लॉपी माझ्याजवळ कायम वेगळी ठेवीन. तिच्यातली माहिती पुसून ती मी गांधीबागेतल्या कापडवाल्याला माझ्या कामाचा नमुना दाखवायला नेली. फ्लॉपी महाग होती, म्हणतो मी. खरं म्हणजे नवी आणायचा कंटाळा.

मग दसरा. आमच्याकडे पोट ज्यावर चालतं त्याची पूजा होते — सुतार रंधा मांडतो, शिंपी कैची. मी काय मांडणार? शेठची एकुलती एक फ्लॉपी घरी आणली, पाटावर ठेवली, ओलं कुंकू लावलं. फ्लॉपीला एक उघडी फट असते, आतली चकती दिसते. तिथे बोट लावू नका, हे साऱ्या वाडीला सांगत फिरणारा मी — आणि माझं बोट नेमकं तिथेच टेकलं. धोतराच्या सोग्यानं पुसली. चालेल, म्हटलं.

गजभियेबाबू त्या दिवशी रजेवर होते. छप्पन साली त्यांच्या घरानं दीक्षा घेतलेली. दर दसऱ्याला ते सारं घर घेऊन दीक्षाभूमीवर जात. दुसऱ्या सकाळी ते यायच्या आत मी फ्लॉपी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती मशीनमध्ये घातली. मशीन करकरलं, आणि पडदा कोराच राहिला. बाहेर ट्रक उभे, आत शेकडो नग, कोणता कोणाचा ते सांगणारं कोणीच नाही.

"काहून जी, दुसरी हाये म्हणे ना तुमच्याजवळ?" शेठनं विचारलं.

बाबूंच्या टेबलावर टाचण्यांचं चुंबक होतं; चुंबकानं फ्लॉपीवरचं सारं पुसलं जातं. मी त्याच्याकडे पाहिलं — किती वेळ लागला असेल? एक श्वास. पिशवीतून ती पुसलेली फ्लॉपी काढली आणि म्हणालो, परवा ही ताडून बघायला आणली, तेव्हा दोन्ही या चुंबकाजवळच पडल्या होत्या. दोन्ही गेल्या.

"मले ठाऊक नव्हतं जी," बाबू म्हणाले. "माह्याच्यानंच झालं असन."

"वीस वर्षं चुकले नाही तुम्ही," शेठ म्हणाला, "अन् आज डुबवलं मले. उद्यापासून नका येऊ, बाबू."

मी तिथे होतो. तोंड होतं मला. एरवी ते बंद होत नाही.

आठवड्यानं बाबू माझ्या घरी आले. वही घेऊन. पुढं कुठं काम लागलं तर पुन्हा चूक व्हायला नको, म्हणून फ्लॉपी कशी सांभाळायची ते शिकवा म्हणाले. मी शिकवलं. दोन तास, उदाहरणांसकट. मधे बायकोनं चहा आणला. शिकवताना मी विनोदही केले, आणि ते हसले.

काम त्यांना कुठं लागलं नाही. माझं शेठकडचं काम पुढं बरीच वर्षं चाललं.

ते गेले तेव्हा मी मौतीला गेलो होतो. त्यांच्या मुलीनं पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "आमच्या बाबाले कॉम्प्युटर शिकवणारे सर." लोकांनी सरकून मला जागा दिली. मी बसलो.